टेबल मोठं होण्याआधी

दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरमागचा डेटाबेस सांभाळणं हे माझं काम. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दूध संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध घातलं जातं. काटा वजन सांगतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता उरलेले घन घटक) सांगतं आणि प्रत्येक उत्पादकाच्या प्रत्येक वेळच्या दुधाची एक नोंद एका टेबलात येऊन पडते. दोन लाख उत्पादक धरले तर दिवसाला चार लाख नोंदी होतात, वर्षाला १४ कोटी ६० लाख. सातव्या वर्षी टेबल शंभर कोटी ओलांडतं.

हा आकडा ऐकला की बैठकीत लोक सर्व्हरच्या किमतीवर येतात. माझा अनुभव असा की टेबलात एकूण किती नोंदी आहेत याने फारसं अडत नाही. एका कामासाठी त्यातली किती पेजं उचलावी लागतात, यावर जागाही ठरते आणि वेगही. ती संख्या ठरते धंद्याच्या रीतीवरून: बिल कधी निघतं, दर कधी बदलतो, जुनं कोण विचारतं. खालची उदाहरणं पोस्टग्रेसची आहेत, कारण रोजचा संबंध त्याच्याशी. मायएसक्यूएलमध्ये जिथे मोठा फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

१. आधी एका रोचा हिशोब मांडा

पोस्टग्रेस डिस्कवर ८ किलोबाइटच्या पेजांमध्ये लिहितं. प्रत्येक रोला २३ बाइटचं हेडर असतं, ते आजच्या मशीनवर २४ धरलं जातं. शिवाय पेजच्या सुरुवातीला त्या रोचा ४ बाइटचा पॉइंटर. म्हणजे दुधाचा एक थेंब नोंदवण्याआधीच २८ बाइट खर्ची पडले.

आता कॉलम. आयडी ८, मशीनची वेळ ८, उत्पादक ४, संस्था ४, तारीख ४, सकाळ की संध्याकाळ २, गाय की म्हैस २. झाले ३२. लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम हे न्यूमेरिक. १२.५ सारखा आकडा त्यात साधारण ७ बाइट घेतो, म्हणून पाचांचे ३५. एकूण ६७, आठाच्या पटीत नेले की ७२. हेडर आणि पॉइंटर मिळवून एक रो बरोबर १०० बाइटची झाली. एका पेजमध्ये अशा ८१ रो बसतात. वर्षाच्या नोंदींना १८ लाख पेजं लागतात, म्हणजे १५ जीबीच्या आसपास.

कॉलमांचा क्रमही यात मोजला जातो. एक बाइटच्या बूलियननंतर लगेच बिगइंट ठेवला तर मधले ७ बाइट रिकामे राहतात. मोठे, ठरलेल्या मापाचे कॉलम आधी, मग लहान आणि शेवटी लांबी बदलणारे, असा क्रम लावला की ही गळती थांबते. टेबल रिकामं असताना हे दोन मिनिटांचं काम आहे. भरल्यावर तेच करायचं तर सगळं टेबल पुन्हा लिहावं लागतं.

रो जाड करणाऱ्या गोष्टींना दारातच अडवा. मशीनकडून आलेला कच्चा जेसन "असू दे, कधी लागला तर" म्हणून त्याच टेबलात ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. रो साधारण २ किलोबाइटच्या वर गेली तरच पोस्टग्रेस मोठा मजकूर दाबून बसवतं किंवा बाजूच्या टोस्ट टेबलात हलवतं. पाचशे बाइटचा जेसन मूळ रोमध्येच बसून राहतो. मग पेजमध्ये ८१ ऐवजी १३ रो मावतात आणि वर्षाचे १५ जीबी नव्वदच्या वर जातात. कच्चा माल वेगळ्या टेबलात ठेवा आणि तो किती दिवसांनी काढून टाकायचा तेही त्याच दिवशी ठरवा.

२. प्रत्येक इंडेक्सला नोकरी द्या

बिगइंट प्रायमरी कीच्या इंडेक्समध्ये दर नोंदीला २० बाइट लागतात. १४ कोटी ६० लाख नोंदींना त्याचे ३ जीबीहून जास्त होतात. उत्पादक, तारीख आणि वेळ अशा तीन कॉलमांच्या इंडेक्सला दर नोंदीमागे २८ बाइट, म्हणजे पेजं छान भरलेली असतील तर साडेचार जीबी. असे चार-पाच इंडेक्स जमले की ते टेबलाच्या बरोबरीला येतात. प्रत्येक नवी नोंद या सगळ्यांत लिहावी लागते ते वेगळंच.

म्हणून एका इंडेक्सकडून दोन कामं घ्यायची. एकाच उत्पादकाचं सकाळचं गाईचं दूध दोनदा चढू नये म्हणून उत्पादक, तारीख, वेळ आणि दुधाचा प्रकार यांवर युनिक इंडेक्स लागतोच. उत्पादकाचं पासबुक काढायलाही तोच पुरतो. उत्पादक आणि तारीख असा वेगळा इंडेक्स त्याच्या शेजारी उभा करायचं कारण उरत नाही.

नको असलेले इंडेक्स शोधायला पोस्टग्रेस स्वतःच मोजणी ठेवतं, कोणता इंडेक्स किती वेळा वापरला गेला याची. पण शून्य दिसलं म्हणून लगेच कुऱ्हाड चालवू नका. ही मोजणी प्रत्येक सर्व्हरची स्वतंत्र असते. रिपोर्ट स्टँडबायवरून निघत असतील तर मुख्य सर्व्हरवर तो इंडेक्स बेकार दिसतो. दुसरं म्हणजे दिवाळी. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर वर्षभराच्या दुधावर दरफरक वाटला जातो. त्या एका कामासाठी असलेला इंडेक्स अकरा महिने झोपलेला असतो. एक दिवाळी पार पडू द्या, मग निकाल लावा.

३. सेकंदाचे आकडे काढले की निम्मी भीती जाते

दिवसाला चार लाख नोंदी म्हणजे फार वाटतं. सकाळचे दोन लाख तीन तासांत येतात असं धरा. सेकंदाला १८ ते १९ नोंदी पडल्या. गर्दीच्या वेळी याच्या दहापट धरलं तरी बेताच्या सर्व्हरला ते जड नाही.

खरा भार येतो नेट परतल्यावर. ज्या गावात सकाळी नेट नव्हतं तिथला संगणक नोंदी साठवून ठेवतो आणि जोडणी मिळाली की सगळ्या एकदम पाठवतो. उत्तर वेळेत मिळालं नाही तर त्याच नोंदी पुन्हा पाठवतो. इथे शंभर-दोनशे नोंदींचा एक गठ्ठा एका ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या. प्रत्येक नोंदीचं वेगळं ट्रान्झॅक्शन केलं तर डिस्कवर पक्कं करायचं कामही तितक्याच वेळा होतं आणि ट्रान्झॅक्शन क्रमांकही तितकेच उडतात. त्याकडे पाचव्या मुद्द्यात येतो.

४. वेगाचं माप: पेजं

उत्पादकाने मोबाइलवर वर्षाचं पासबुक उघडलं. त्याच्या नोंदी ७३०. टेबलात मात्र नोंदी आल्या त्या क्रमाने बसलेल्या आहेत. त्याच्या एका नोंदीनंतर पुढची येईपर्यंत मध्ये इतरांच्या दोनेक लाख नोंदी पडल्या. म्हणजे ७३० नोंदींसाठी ७३० वेगवेगळी पेजं. इंडेक्स अगदी अचूक असला तरी पत्ते सगळे गावभर पसरलेले.

जुन्या ७२०० आरपीएमच्या डिस्कवर सेकंदाला अशी शंभरेक वाचनं होतात, म्हणून पासबुकाला सात सेकंद लागायचे. एसएसडीवर ते जाणवत नाही. पण एक तारखेला हजारो जण एकदम पासबुक उघडतात तेव्हा एसएसडीलाही घाम फुटतो.

हे दिसतं कुठे? 'एक्सप्लेन'ला 'ॲनालाइझ' आणि 'बफर्स' जोडून क्वेरी चालवा. तिथे अशी ओळ येते: शेअर्ड हिट=५२, रीड=७१४. हिट म्हणजे मेमरीत सापडलेली पेजं, रीड म्हणजे बाहेरून आणावी लागलेली. मी मिलिसेकंदांच्या आधी हे दोन आकडे बघतो. तीच क्वेरी लगेच पुन्हा चालवली तर सगळं मेमरीतून येतं आणि वेळ फसवा दिसतो. दोन आकड्यांची बेरीज मात्र दोन्ही वेळा तीच राहते.

आमचा उपाय साधा आहे. महिन्याचं शेवटचं बिल पक्कं झालं की त्या महिन्याच्या नोंदी सहसा बदलत नाहीत. मग त्या महिन्याचं पार्टिशन (ते कसं कापायचं ते सहाव्या मुद्द्यात) संस्था आणि उत्पादक या क्रमाने 'क्लस्टर' करून पुन्हा मांडायचं. एका उत्पादकाच्या महिन्याच्या ६० नोंदी आता एक-दोन पेजांत शेजारी-शेजारी बसतात. त्याच पासबुकाचा रीडचा आकडा मग तीन आकड्यांवरून दोन आकड्यांत येतो. 'क्लस्टर' चालू असताना ते पार्टिशन पूर्ण कुलूपबंद असतं आणि तेवढीच जागा जास्तीची लागते, म्हणून काम रात्री करायचं. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत रो मुळातच प्रायमरी कीच्या क्रमाने ठेवलेल्या असतात. तिथे उत्पादकापासून सुरू होणारी प्रायमरी की निवडली की ही जवळीक आपोआप मिळते. बदल्यात बाकीच्या प्रत्येक इंडेक्समध्ये ती लांब की वाहून न्यावी लागते.

५. न बदलणारं आणि बदलणारं एका रोत ठेवू नका

लेखा विभागातल्या एका अनुभवी गृहस्थांना मी विचारलं होतं, "दर एकदा लागला की कायम ना?" ते हसले. "साहेब, दर काय एकदाच ठरतोय व्हय? वरनं पत्र आलं की मागच्या तारखेपासनं बदलायचा."

हे वाक्य टेबलाच्या रचनेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी रो खोडून तिच्याजागी लिहिणं नसतं. नवी रो लिहिली जाते आणि जुनी मेलेली म्हणून तिथेच पडून राहते. दहा दिवसांचा दर मागच्या तारखेपासून बदलला तर ४० लाख रो नव्याने लिहिल्या जातात, म्हणजे ४०० एमबी टेबलात. पेजमध्ये मोकळी जागा नसेल तर नवी रो दुसऱ्या पेजवर जाते आणि सगळ्या इंडेक्सांतही नव्या नोंदी पडतात, बदललेला कॉलम एकाही इंडेक्समध्ये नसला तरी.

लिटर, फॅट आणि एसएनएफ हे घडून गेलेलं आहे, ते बदलत नाही. दर हा निर्णय आहे, तो बदलतो. त्यामुळे दरपत्रकाचं टेबल वेगळं ठेवा, त्यात 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असे कॉलम द्या. रक्कम बिल पक्कं होताना एकदाच काढा आणि बिलाच्या टेबलात लिहा. रोमधले दर आणि रक्कम हे दोन कॉलम गेले की रोही हलकी होते आणि ४० लाखांचा अपडेट दरपत्रकातल्या काही ओळींवर येतो.

मेलेल्या रोंची साफसफाई ऑटोव्हॅक्यूम करतं. त्याची मूळ मर्यादा टेबलाच्या २० टक्के असते. शंभर कोटींच्या एकसंध टेबलात २० कोटी मेलेल्या रो साठेपर्यंत ते हलणार नाही. पोस्टग्रेस १८ मध्ये यावर दहा कोटींची कमाल मर्यादा घातली आहे. तीही आमच्यासारख्यांना जास्तच. मोठ्या टेबलांना ही टक्केवारी टेबलागणिक खाली आणता येते, ती आणा.

दुसरी जबाबदारी ट्रान्झॅक्शन क्रमांकांची. ते ३२ बिटांचे असतात, फिरून पुन्हा येतात, म्हणून जुन्या रो वेळेत 'फ्रीझ' कराव्या लागतात. टेबलाचं वय २० कोटी ट्रान्झॅक्शन झालं की पोस्टग्रेस व्हॅक्यूम सक्तीने सुरू करतं. रोज चार लाख नोंदी एकेक ट्रान्झॅक्शनने घेतल्या तर पाचशे दिवसांत ही वेळ येते. ही साफसफाई मागे पडली की काय होतं ते जगाने पाहिलं आहे: २०१५ मध्ये सेंट्री आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलचिंपची मँड्रिल सेवा याच कारणाने कोलमडल्या होत्या. बंद झालेल्या महिन्याचं पार्टिशन मांडून झालं की 'व्हॅक्यूम फ्रीझ' एकदा चालवून टाका. नंतर त्या पेजांकडे व्हॅक्यूमला वळावं लागत नाही.

६. पार्टिशन धंद्याच्या कॅलेंडरवर कापा

पोस्टग्रेस १० पासून, म्हणजे २०१७ पासून, पार्टिशन सरळ टेबलाच्या व्याख्येत लिहिता येतात. आम्ही महिन्याचं एक पार्टिशन करतो: सव्वा कोटीच्या आसपास नोंदी, सव्वा जीबी. दर दहा दिवसांनी निघणारी महिन्याची तिन्ही बिलं त्यात पूर्ण मावतात. चालू महिन्याचं पार्टिशन आणि त्याचे इंडेक्स मेमरीत आरामात राहतात. ऑटोव्हॅक्यूमची २० टक्के मर्यादाही इथे २४ लाखांवर येते.

पार्टिशनने आपोआप वेग वाढतो हा समज सोडा. क्वेरीत तारीख असेल तरच पोस्टग्रेस बाकीची पार्टिशनं वगळतं. तारीख न देता नुसत्या आयडीने नोंद शोधली तर सात वर्षांच्या ८४ पार्टिशनांचे ८४ इंडेक्स धुंडाळले जातात. प्रायमरी कीमध्येही पार्टिशनचा कॉलम घ्यावाच लागतो. त्यामुळे पावतीच्या क्रमांकातच तारीख गुंफलेली बरी.

डिफॉल्ट पार्टिशन ठेवा आणि त्यावर रोज नजर ठेवा. मशीनच्या घड्याळाची बॅटरी संपली की ते १ जानेवारी २००० वर जातं आणि त्या गावचं आजचं दूध पंचवीस वर्षांपूर्वीच्या तारखेने येतं. डिफॉल्ट पार्टिशन नसेल तर ती नोंद नाकारली जाईल आणि संस्थेच्या सचिवाचा फोन येईल. असेल आणि तिकडे कुणी बघत नसेल तर फोन उत्पादकाचा येईल, बिल कमी आल्याचा. सचिवाचा फोन परवडला.

जुना डेटा काढायची सोय हा पार्टिशनचा सगळ्यात मोठा फायदा. डिलीटने जागा ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा परत मिळत नाही, फक्त टेबलात पोकळी होते. पार्टिशन ड्रॉप केलं की फाइलच जाते. किती वर्षं ठेवायचं हे मात्र डेटाबेसवाल्याने ठरवू नये. कंपनी कायद्याखाली नोंदलेली संस्था असेल तर हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. सिस्टिमचे लॉग सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवस. हे आकडे सीएकडून आणि वकिलाकडून लेखी घ्या.

७. सगळं टेबल वाचणं हा गुन्हा नाही

दिवाळीच्या फरकासाठी प्रत्येक उत्पादकाचं वर्षाचं दूध आणि सरासरी फॅट लागते. डिस्क सेकंदाला ३००० वाचनं आणि १२५ एमबी देणारी आहे आणि मेमरीत काहीच नाही असं धरून दोन वाटा मोजू.

उत्पादक एकेक घेऊन इंडेक्समार्गे गेलं तर १४ कोटी ६० लाख विखुरलेली वाचनं. सेकंदाला ३००० प्रमाणे साडेतेरा तास. टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचत गेलं तर १५ जीबी भागिले १२५ एमबी: दोन मिनिटं. बेरजा करायला आणखी थोडी मिनिटं लागतील, इतकंच.

'एक्सप्लेन'मध्ये सीक्वेन्शियल स्कॅन दिसला की नवखे लोक लगेच इंडेक्स जोडायला धावतात. आधी विचारा, टेबलाचा किती भाग लागणार आहे. मूठभर नोंदी हव्यात तर इंडेक्स, निम्म्याहून जास्त हव्यात तर सरळ वाचन. फरकाचं काम लूपमध्ये, दर उत्पादकाला एक क्वेरी असं लिहिलेलं असेल तर पोस्टग्रेसला ही निवड करायची संधीच मिळत नाही. ते काम एका ग्रुप-बायमध्ये आणा.

त्याहून बरं म्हणजे महिन्याचं शेवटचं बिल बंद करताना उत्पादकनिहाय बेरजांचं छोटं टेबल भरत जावं. वर्षाला २४ लाख ओळी, दुधाचा प्रकार वेगळा ठेवला तर थोड्या जास्त. फरक काही सेकंदांत निघतो आणि मूळ टेबलाला हातही लागत नाही.

८. डिस्कला तीन आकडे असतात

खरेदीच्या कागदावर एकच आकडा येतो, जीबी. सेकंदाला किती वाचनं-लेखनं (आयओपीएस) आणि सेकंदाला किती एमबी, हे बाकीचे दोन तितकेच महत्त्वाचे. अॅमेझॉनच्या जुन्या जीपी२ डिस्कला दर जीबीमागे ३ आयओपीएस मिळतात. २०० जीबीला ६००. लहान डिस्कला ३००० पर्यंत झेप घेता येते, पण त्यासाठी ५४ लाख क्रेडिटची शिल्लक असते आणि ती वापरागणिक संपते. पूर्ण वेगाने काम चाललं तर २०० जीबीच्या डिस्कची शिल्लक ३७ मिनिटांत उडते. दहा मिनिटांची चाचणी झकास पार पडते आणि तासभर चालणारं बिल अडतिसाव्या मिनिटाला लंगडायला लागतं. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीपी३ मध्ये हे आकडे एकमेकांपासून सुटे झाले: जीबी कितीही असोत, ३००० आयओपीएस आणि १२५ एमबी मुळातच मिळतात, पुढचं वेगळे पैसे देऊन.

एसएसडी घेतली की सेटिंगही बदला. पोस्टग्रेस मूळ हिशोबात विखुरलेलं वाचन सलग वाचनाच्या चौपट महाग धरतं, तो आकडा फिरत्या डिस्कच्या काळातला आहे. एसएसडीवर बरेच जण तो १.१ वर आणतात.

९. आयडीत चार बाइट वाचवू नका

इंटिजर २१४ कोटी ७४ लाखांपर्यंत जातो. आमच्या वेगाने १४ वर्षं पुरेल असं वाटतं. पण तिसऱ्या मुद्द्यातला तो पुन्हा पुन्हा पाठवणारा संगणक आठवा. 'ऑन कन्फ्लिक्ट डू नथिंग'ने दुबार नोंद आत येत नाही, तरी सीक्वेन्सचा क्रमांक मात्र खर्च होतो. एक गठ्ठा चारदा आला की चौपट क्रमांक गेले. बेसकँपचं काम नोव्हेंबर २०१८ मध्ये जवळपास पाच तास फक्त-वाचण्यापुरतं उरलं होतं, ते एका टेबलाचा इंटिजर आयडी संपल्यामुळे. नंतर कॉलमचा प्रकार बदलायचा म्हणजे सगळं टेबल पुन्हा लिहायचं आणि तोवर कुलूप. पहिल्या दिवशी बिगइंट घ्या.

१०. चाचणीचा डेटा खऱ्यासारखा ओबडधोबड हवा

जनरेट-सीरीज वापरून दहा कोटी नोंदी तयार करणं सोपं आहे. त्यात प्रत्येक संस्थेला सारखेच उत्पादक पडतात आणि सगळे रोज दोनदा दूध घालतात. खऱ्या गावात एका संस्थेचे हजारभर सभासद असतात, वाडीवरच्या संस्थेचे वीस. कुणाची म्हैस आटते, कुणी फक्त सकाळी येतो. भर म्हणून संस्थेची स्थानिक विक्री एकाच कोडवर पडते आणि त्या एका कोडवर इतरांच्या कैक पट नोंदी जमतात.

क्वेरीचा मार्ग ठरवताना पोस्टग्रेस आकडेवारीवर विसंबतं आणि ती मूळ सेटिंगमध्ये ३०,००० रोंच्या नमुन्यावरून काढलेली असते. कोट्यवधींच्या टेबलात वेगवेगळे उत्पादक किती आहेत याचा अंदाज तेवढ्यावरून बराच कमी येऊ शकतो. अशा कॉलमचं स्टॅटिस्टिक्स टार्गेट वाढवा. आणि चाचणी घेताना सगळ्यात मोठी संस्था आणि तो जड कोड आवर्जून निवडा.

११. मोकळी जागा हीही गरजेची जागा

इंडेक्स नव्याने बांधायला जागा लागते. 'व्हॅक्यूम फुल'ला टेबलाची दुसरी पूर्ण प्रत मावेल एवढी लागते. डिस्क ९५ टक्के भरल्यावर साफसफाई सुचली तर ती करायलाच जागा उरत नाही. सगळ्यात मोठं पार्टिशन इंडेक्ससह दोनदा मावेल इतकं मोकळं ठेवा.

बदलांचा लॉग ठेवणाऱ्या वॉल फाइलींकडेही लक्ष असू द्या. स्टँडबाय बंद पडला आणि त्याचा रेप्लिकेशन स्लॉट तसाच राहिला, तर मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी वॉल साठवत बसतो, डिस्क भरेपर्यंत. पोस्टग्रेस १३ पासून याला मर्यादा घालता येते. मूळ सेटिंगमध्ये ती नसते, आपणच घालायची.

१२. बॅकअपचा वेळ सांगू नका, रिस्टोअरचा सांगा

२०० जीबी नुसते कॉपी करायला १२५ एमबीच्या वेगाने २७ मिनिटं. डंपमधून परत उभारायचं तर प्रत्येक इंडेक्स शून्यातून बांधला जातो, ते काही तासांवर जातं. सकाळचं संकलन संपल्यावर सर्व्हर गेला तर संध्याकाळच्या काट्याआधी तो उभा राहतो का, हा आमचा प्रश्न. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये मुख्य डेटाबेसचं फोल्डर चुकून पुसलं गेलं तेव्हा बॅकअपच्या अनेक सोयी कागदावर होत्या आणि ऐन वेळी त्यातली एकही नीट चालत नव्हती. हाताशी असलेल्या सहा तास जुन्या प्रतीवर त्यांना भागवावं लागलं. तिमाहीतून एकदा वेगळ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करा, घड्याळ लावून, आणि लागलेला वेळ संचालकांना लेखी कळवा.

१३. फरकाची तालीम श्रावणात घ्या

रिस्टोअर केलेली तीच प्रत वाया घालवू नका. श्रावणात तिच्यावर गेल्या वर्षीचा फरक पुन्हा काढून बघा. आलेल्या रकमा गेल्या दिवाळीच्या वाटपाशी पैशापर्यंत जुळल्या पाहिजेत. लेखा विभागातला माणूस शेजारी बसवा, कारण यंदा कोणता नियम बदलणार आहे हे त्यालाच आधी कळलेलं असतं: म्हशीच्या दुधाला वेगळा फरक, नव्या सभासदांना अर्धा, अमुक लिटरच्या खाली नाही. प्रत्येक नियमाने किती पेजं वाढतात ते 'बफर्स'मध्ये दिसतं. श्रावणात इंडेक्स घालायला, बेरजांच्या टेबलात कॉलम वाढवायला, डिस्कचा वेग चढवायला सवड असते. दिवाळीच्या आठवड्यात फक्त यादीची वाट बघणारे लोक असतात.